अचानक बंद झालेली ऑनलाइन खाती : तुमचे अनुभव सांगा

पानगळ

काल एक फॉर्म भरत होते. ईमेलच्या रकान्यात पहिलं अक्षर टाकलं आणि फोनने आपणहून माझा जुना पत्ता पुढे केला. तो पत्ता बंद होऊन कैक वर्षं झाली. फोन बदलले, तरी तो कुठेतरी साठून राहिलाय.

तेव्हा एका सकाळी मेल उघडायला गेले तर पासवर्ड बरोबर, पण आत जाता येईना. 'सेवा-अटींचे उल्लंघन झाल्यामुळे हे खाते बंद करण्यात आले आहे.' कुठली अट, मी काय केलं, कधी केलं, काहीच नाही. खाली दाद मागायची एक लिंक, तिथे चार ओळींत मावेल तेवढंच लिहायची सोय. लिहिलं. उत्तर आलं ते जवळपास त्याच शब्दांत, आणि 'हा निर्णय अंतिम आहे' एवढी भर. त्या पत्त्यावर उलट लिहिलं तर मेल परत आला.

माझा भाऊ जहाजावर होता. बंदराला लागला की मेल टाकायचा. कुठे धुकं होतं, कुणाशी भांडण झालं, रात्रपाळीत काय दिसलं, सगळं लिहायचा. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस. तो मेल पाठवायचा कंपनीच्या पत्त्यावरून, नोकरी सुटली तसा तोही पत्ता गेला. म्हणजे ती पत्रं आता दोघांकडेही नाहीत.

खातं गेल्यापेक्षा, विचारायला समोर माणूसच नव्हता याचा संताप आजही तसाच आहे. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का? लिहा.

रानवारा

फोटो. सगळे फोटो. मुलगी जन्मल्यापासून शाळेत जाईपर्यंतचे. थोडेफार नातेवाइकांकडून गोळा केले, पण ते त्यांनी काढलेले. मी काढलेला एकही नाही.

कारण मलाही शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका वडिलांची बातमी वाचली आणि अंगावर काटा आला. लहान मुलाला काहीतरी त्रास होत होता, डॉक्टरांना दाखवायला फोटो काढले, ते फोनने आपोआप क्लाउडवर चढवले. गूगलच्या यंत्रणेला ते बाल-अत्याचाराचे वाटले. खातं बंद. पोलिसांनी चौकशी करून गुन्हा घडलेला नाही असं लिहून दिलं, तरी खातं मिळालं नाही. मेल, फोटो, संपर्क, सगळं गेलं. फोन नंबरही त्याच कंपनीचा, तोसुद्धा गेला.

मुलांना जपायला अशी तपासणी हवीच, याबद्दल माझं दुमत नाही. पण पोलीस निर्दोष म्हणाल्यावर तरी कुणीतरी माणसाने ती फाइल उघडून बघावी की नाही?

सांजवेळ

बापरे. पोटात गोळा आला वाचून. निवांत लिहिते, बाळ उठलंय.

दोरा आणि सुई

माझं शिवणकामाचं पेज होतं. सगळ्या ऑर्डरी मेसेजमधून यायच्या, मापंही मेसेजमध्येच. छाती, कंबर, बाहीची लांबी, गळा मागून किती खोल, सगळं तिथे. पेज बंद झालं त्या दिवशी मशीनवर एक कापलेला ब्लाउज होता आणि बाईंचं नाव सोडून माझ्याकडे काही नव्हतं. त्यांनी आगाऊ पैसे दिलेले. त्यांना वाटलं असणार, पैसे घेऊन पळाली. एकीने तसं दुसऱ्या ग्रुपवर लिहिलंही. फार रडले तेव्हा.

काही आठवड्यांनी पेज आपोआप सुरू झालं. चूक आमची होती असं नाही, माफी नाही, काही नाही. बंद केलं तेही न सांगता, सुरू केलं तेही न सांगता. त्या बाईंना पहिला मेसेज केला. ब्लाउज पोचता केला, आता त्या नेहमी माझ्याकडेच शिवतात.

पानगळ

शाब्बास गं! हे वाचून खूप बरं वाटलं.

अधोरेखित

या कामाशी माझा थोडा संबंध येतो म्हणून लिहितो. बहुतेक खाती माणूस बंद करत नाही, यंत्रणा करते. एकदम वेगळ्या ठिकाणाहून लॉगिन, थोड्या वेळात खूप मेसेज, कुणीतरी रिपोर्ट करणं, अशा खुणा जुळल्या की खातं बंद. कारण सांगितलं तर लबाड लोक तेवढीच गोष्ट टाळून परत येतील, असं कंपन्या म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण त्यापायी साध्या माणसालाही कारण कळत नाही, आणि हे मला मान्य नाही.

युरोपात आता डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टनुसार खातं बंद करताना ठोस कारण लेखी द्यावं लागतं. भारतात मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. २०२३ पासून ही सोय आहे. दोरा-सुई ताई, पुन्हा असं झालं तर हे करा. आणि त्या पडद्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट आधी काढून ठेवा.

दोरा आणि सुई

धन्यवाद दादा. लिहून ठेवलं. मापंही आता वहीत.

चकवा

माझी वेगळीच तऱ्हा. खातं चालू आहे, मलाच आत जाता येत नाही. ओटीपी जातो जुन्या नंबरवर. तो ऑफिसचा होता, नोकरी सुटली, नंबर गेला, आता दुसऱ्याच कुणाला मिळालाय. फोन केला तर एका वयस्कर बाईंनी उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाळा, ओटीपी कुणाला द्यायचा नसतो." बरोबरच आहे त्यांचं! मी नमस्कार करून फोन ठेवला.

रानवारा

चकवा, त्या आजींना माझाही नमस्कार सांग 😄

लाल माती

ऑर्कुट आठवलं, फेसबुकआधीची ती सोशल साइट. स्क्रॅपबुक, म्हणजे एकमेकांच्या पानावर लिहायचे निरोप! मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल्स!

अधोरेखित

ते सांगून-सवरून बंद केलं होतं. जूनमध्ये जाहीर, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. स्क्रॅप उतरवून घ्यायलाही मुदत होती.

लाल माती

हो, मी घेतले होते. बायकोने मला पहिला स्क्रॅप टाकला तो आहे अजून. 'हाय, तू तोच का?' एवढाच.

सांजवेळ

आले परत. बाबा गेले तेव्हा त्यांचा पासवर्ड आमच्याकडे होता, त्यांनी स्वतःच लिहून ठेवला होता. पण नव्या फोनवरून उघडायला गेले तर 'तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही' आणि कोड त्यांच्या फोनवर. त्यांचा नंबर तोवर बंद झालेला. आत त्यांची टिपणं होती, रोज सकाळी फिरून आल्यावर पक्ष्यांबद्दल लिहायचे. दाराबाहेरच्या झाडावर कोण आलं, किती वाजता.

गूगल डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसू शकतं, म्हणजे त्यांचंही कधीतरी जाईल. गूगलकडे 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे, आपल्यामागे डेटा कुणाला द्यायचा ते आपणच नेमून ठेवता येतं. मी आईला शेजारी बसवून तिचं करून घेतलं. तुमच्या आईवडिलांचं लवकर करून घ्या हो.

पानगळ

सांजवेळ, काय लिहू. कुठले पक्षी यायचे गं?

सांजवेळ

तांबट. त्याची टुक-टुक ऐकली की बाबा चहा सोडून उठायचे.

लाल माती

आमच्याकडे आत्ता ओरडतोय!

चकवा

हे सगळं वाचून आत्ता टेकआउटवरून (गूगलची आपला डेटा उतरवून घ्यायची सोय) माझ्या दुसऱ्या खात्याचा सगळा डेटा मागवला. दोन झिप फाइली आल्या, दुसरी उघडतच नाही. काय करू?

अधोरेखित

अर्धवट उतरली असेल. वायफायवर परत उतरव. आज-उद्याच कर, ती लिंक साधारण आठवडाभरच चालते.

चकवा

लावली. ४० टक्के झालंय.