ऑफिसला लेझर की इंक टँक?

ऑफिसला लेझर प्रिंटर घ्यावा की इंक टँक (टाकीत शाई ओतून भरायचा प्रिंटर), असं तुम्ही विचारलंय. बहुतेकांनी इंक टँक सुचवलाय, पानामागचा खर्च कमी म्हणून. हिशेब बरोबर आहे, पण तो रोज छापणाऱ्याचा. तुमचं सी.ए. ऑफिस. जुलै-सप्टेंबरात कागदांचा ढीग आणि एरवी आठवडेच्या आठवडे प्रिंटर कव्हर घालून बसलेला. अशा वेळी इंक टँकच्या हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत शाई सुकते. मग हेड क्लीनिंग मारत बसा; त्यात जी शाई जाते ती कोणी हिशेबात धरत नाही. लेझरमध्ये शाईऐवजी असतो तो टोनर म्हणजे कोरडी पूड, सुकायचा प्रश्नच नाही. शिवाय डाय (पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या) शाईच्या छपाईवर पाण्याचा थेंब पडला की अक्षरं फुटतात. टोनर उष्णतेनं कागदावर वितळवून बसवलेला असतो. (पावसाळ्यात फाईल घेऊन बाइकवर फिरणाऱ्या आर्टिकल्सना, म्हणजे सी.ए.कडे शिकणाऱ्या पोरांना, विचारा!)

तेव्हा माझं मत मोनो (फक्त काळं छापणाऱ्या) लेझरला, ऑटो डुप्लेक्सवाला, म्हणजे आपोआप दोन्ही बाजूंनी छापणारा, बघून. सोबत मिळतो तो बऱ्याचदा स्टार्टर टोनर, कमी भरलेला. काही मॉडेलांत ड्रम (टोनर कागदावर उतरवणारा रूळ) वेगळा घ्यावा लागतो, त्याची किंमत आधीच विचारा. टोनरच्या खोक्यावरचा पानांचा आकडा साधारण ५ टक्के भरलेल्या पानाचा असतो, ताळेबंदाच्या गच्च तक्त्यांना तो लागू नाही.

आणि लेझर कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर लावू नका. फ्यूजर (टोनर वितळवणारा भाग) तापताना एकदम करंट खेचतो, यूपीएस ओव्हरलोड होऊन कॉम्प्युटरही बंद पडतो. त्याला भिंतीतला स्वतंत्र सॉकेट द्या.

रंगीत पानं महिन्याला चार-दोनच असतील तर कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आहेच.