एका दाताची हिरडी मागे सरकलीय, ग्राफ्ट करून घ्यावं का?

निवांत_उंट:
वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी मागे गेलीय. दात शेजाऱ्यापेक्षा लांबुळका दिसतो, मुळाकडे पिवळसर, नख फिरवलं की खाच लागते. गार पाण्याने कळ थेट डोळ्यापर्यंत जाते. रक्त येत नाही, दात हलत नाही. डेंटिस्टने दोन मिनिटं बघून ‘टाळूचा तुकडा काढून इथे लावू’ म्हणत पुढच्या आठवड्याची तारीखच दिली. थांबलं तर दात जाईल का? कुणी करून घेतलंय का?

खडीसाखर:
पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दातामधल्या फटीची खोली, मोजले का? नसतील तर आधी ते. मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालतात, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी. माझ्या वेळी डॉक्टर आकडे पुकारत होते आणि असिस्टंट लिहून घेत होती, ‘दोन, तीन, दोन, पाच...’ पाच ऐकल्यावर शाळेत नापास झाल्यासारखं वाटलं. साधारण 3 पर्यंत ठीक, 4 पासून पुढे पॉकेट समजतात. सोबत एक्स-रे, हाड किती उरलंय ते बघायला.

माझं प्रकरण पायोरियाचं निघालं. भूल देऊन हिरडीखालचं कीटण काढलं, दोन महिन्यांनी पुन्हा मोजलं. तेव्हा दातांमधल्या फटी वाढल्यासारख्या दिसल्या आणि मी घाबरले. खरं म्हणजे सूज उतरली होती आणि फटींत भरलेलं कीटण गेलं होतं.

तुमचं मात्र वेगळं वाटतंय. एकच दात, खाच, रक्त नाही. उजव्या हाताने, आडवं, जोर लावून घासता का? तसं घासणाऱ्यांचा डावा सुळा बरेचदा आधी झिजतो.

भिजकी_वात:
मी ग्राफ्ट केलंय. दातापेक्षा टाळूची जखम जास्त छळते, गरम घासाने भाजल्यासारखी, फक्त आठवडाभर. टाके दोन आठवड्यांनी काढले. तोवर तिथे ब्रश बंद, नुसतं क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश. त्याने दात तपकिरी पडले, मग पॉलिश करून गेले. निकाल छान आहे, पण माझी हिरडी दरवर्षी आणखी सरकत होती, म्हणून केलं. ब्रशिंग तेच ठेवलं तर केलेलं काम पुन्हा उतरतं, हे माझ्या डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

टिंगू:
तेल चोळून हिरडी परत वाढते असं सांगणारे येतीलच. नाही वाढत. सरकायची थांबते तेवढीच, तेही कारण बंद केलं तर.

खडीसाखर:
@टिंगू +१
कळ येते तिच्यासाठी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट रोज वापरा, दोनेक आठवडे धीर धरा. थुंकून टाका, लगेच खळखळून चूळ भरू नका. खाच भरायला कुणी सुचवलं तर ‘ग्राफ्टच्या आधी की नंतर’ हे आधी ठरवून घ्या. शिवाय जवळून फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी त्याच कोनातून पुन्हा काढा. आणि हिरड्यांच्या स्पेशालिस्टला एकदा दाखवाच.

निवांत_उंट:
सगळ्यांचे आभार. दुसरीकडे दाखवून आलो. सुळ्याभोवती 2, 1, 2, हाड शाबूत. डॉक्टरबाईंनी हातात ब्रश देऊन ‘रोज घासता तसं घासून दाखवा’ म्हटलं. चार हात मारले तोच त्यांनी मनगट धरलं. ग्राफ्टची तारीख रद्द केली, सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचंय. घरचा ब्रश बघितला, केस दोन्हीकडे फाकलेले, केरसुणीच झालाय.