चिपळ्या, करताल, खडताल… तुमच्या कानावर कोणतं नाव आलं?

नाशिकमध्ये चिपळ्या वासुदेवाच्या हातात ऐकल्या, कीर्तनकारबुवांच्या हातात ऐकल्या. पण इथे देशभरातली माणसं राहतात आणि प्रत्येकाकडे या वाद्याला निराळं नाव आहे. ते कुणाकडून ऐकलंत, सविस्तर लिहा. वाद्य कसं दिसत होतं तेही सांगा, कारण नाव तेच आणि वस्तू भलतीच, असंही होतं.

ओझरहून
एचएएलच्या वसाहतीत आमच्या शेजारी तमिळ कुटुंब होतं. त्यांच्याकडच्या भजनात मामी चिपळ्या वाजवायच्या. एक अंगठ्यात अडकवलेली, दुसरी बोटांत, सपाट बाजू समोरासमोर. लाकडावर लाकूड आपटलं की खाचेतल्या पितळी चकत्या छन्न करायच्या. मी म्हटलं, "मामी, या तर आमच्या चिपळ्या!" त्या म्हणाल्या, "चप्लाकट्टै." कट्टै म्हणजे लाकूड. तंजावरात १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. मराठी कीर्तनकार तिकडे जात, आणि तिथल्या हरिकथेवर आपल्या कीर्तनाची छाप आजही आहे. चिपळ्याही त्यांच्याबरोबरच गेल्या असाव्यात असं मला वाटतं, आणि त्याचा फार आनंद होतो.

सातपूरहून
कंपनीतले तेलुगू सहकारी 'चिडतलु' म्हणतात. संक्रांतीच्या दिवसांत त्यांच्या गावी हरिदासू दारोदार येतो. डोक्यावर भांडं, हातात चिडतलु, मुखी हरिनाम. ऐकताना डोळ्यांसमोर आपला मोरपिसांच्या टोपीतला वासुदेवच आला.

नाशिक रोडहून
आमच्या वहिनी बंगालच्या. सासूबाईंनी भजनासाठी करताल मागितली, तर त्यांनी पितळी झांजा आणून दिल्या. बंगालात करताल म्हणजे झांजाच.

गंगापूर रोडहून
वर बरोबर लिहिलंय. खडतालीचंही तसंच आहे. राजस्थानी मांगणियार कलावंतांची खडताल मी अगदी पुढच्या रांगेत बसून पाहिली. प्रत्येक हातात दोन लाकडी पट्ट्या, चकती एकही नाही, अंगठीसारखी कडी नाही. पट्ट्या नुसत्या तळहातात आणि बोटांत धरलेल्या, आणि मनगटाच्या झटक्यावर लय अशी चढत गेली की ढोलकवाला त्यांच्याकडे बघून वाजवू लागला. आपल्या चिपळीचं काम वेगळं: नारदीय कीर्तनात बुवा बोलता बोलता एका हाताने ठेका धरतात, दुसरा हात अभिनयाला मोकळा. म्हणून चिपळ्यांना सरसकट खडताल म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.