शुगर निघाल्यापासून जमत नाही, काय करावं?

वय ४६, दारव्ह्याकडे कापूस-तूर आहे. शुगर निघाल्यापासून ताठरता टिकत नाही. वेचणीत थकव्यावर निभावलं, आता उन्हाळ्यात बायकोले काय सांगू? बाजारातला तंबूवाला जडीबुटी देतो म्हणते.

↳ तंबूवाल्याच्या नादी लागू नका भाऊ. साखरेनं नसा अन् रक्तवाहिन्या बिघडतात, त्यानं हे होते. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्ततपासणी, करा. तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असान तर तोही सोडा. छातीसाठी जिभेखालची गोळी चालू असन तर सिल्डेनाफिल, म्हणजे ताठरतेची गोळी, बिलकुल नको, बीपी धोकादायक उतरते.

↳ मी बाई म्हणून सांगते, शुगरचं तिले सांगाच. नाहीतर तिले वाटन, मीच नकोशी झाली. चाळिशीनंतर आम्हालेही कोरडेपणा येते. मेडिकलात वंगणाचं जेल भेटते. घाई काहून करता? नुसतं जवळ झोपलं तरी चालते.

↳ खर्रा तर आहेच. दवाखान्यात तिलेही नेतो.