गोल्डन गेट पार्कातला डिस्क गोल्फ: ९ वर्षांचा मुलगा आणि ६८ वर्षांचे बाबा, दोघांना जमेल का?

सांजवारा:
नमस्कार. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत रिचमंड भागात राहतो. फुल्टन रस्ता ओलांडला की गोल्डन गेट पार्क. तिथे १८ होलचा डिस्क गोल्फ कोर्स आहे, हे इतक्या जवळ राहून यंदाच कळलं. (चकतीसारखी डिस्क फेकत फेकत कमीत कमी थ्रोत साखळ्या लावलेल्या बास्केटात टाकायची, असा हा खेळ. एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल.) बाबा सांगलीहून आलेत, ऑक्टोबरपर्यंत आहेत. रोज फिरायला जातात, पण एकटेच फिरून कंटाळलेत. मुलगा ९ वर्षांचा. तिघांना मिळून करता येईल असं काहीतरी मला हवंय.

शनिवारी गेलो. दुकानातून पातळ धारेची एकच डिस्क आणली होती, "सगळ्यात लांब जाते" म्हणाले म्हणून. मी टाकली की जरा सरळ जाते आणि मग डावीकडे वळून थेट झुडपात. पहिल्याच होलला माझे आठ थ्रो झाले. मागे चौघं थांबलेली, त्यामुळे बाबा अवघडले आणि तिसऱ्या होलनंतर "चला घरी" म्हणाले. माझं काय चुकतंय? डिस्क कोणती घ्यावी? आणि बाबांना खरंच खेळता येईल, की मी उगाच हट्ट धरलाय?

फुल्टनपार:
पैसे लागत नाहीत. शनिवार-रविवार टाळा, आठवड्यातल्या दिवशी सकाळी जा. मागून कोणी आलं तर बाजूला होऊन "तुम्ही पुढे जा" म्हणायचं, इथे सगळेच तसं करतात, त्यात कमीपणा नाही. आणि बाबांना जाड जाकीट द्या, इथल्या उन्हाळ्यातलं धुकं त्यांना अजून नवीन असेल.

देवराई:
हट्ट सोडू नका. माझी आई ७१ वर्षांची असताना वाईहून आली होती आणि ती याच कोर्सवर शिकली.

आधी ती डिस्क कपाटात ठेवा. डिस्कवर बहुतेक वेळा चार आकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा, दुसरा ती किती तरंगते त्याचा, तिसरा वेगात असताना उजवीकडे किती कलते त्याचा आणि चौथा शेवटी डावीकडे किती वळते त्याचा. तुमच्या डिस्कवर पहिला आकडा ११-१२ असणार. त्या डिस्कला जो वेग लागतो तो नवख्या हातातून निघत नाही. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा ओढून, टाकलेली डिस्क वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, आणि पुढे जाण्याचा वेग संपत आला की डावीकडे झुकते. वेगवान डिस्क कमी जोराने टाकली की हे झुकणं लगेच सुरू होतं. म्हणजे तुमचा हात वाईट नाही, डिस्क चुकीची आहे.

पटर घ्या, म्हणजे जवळून बास्केटात टाकायची हळू डिस्क. फक्त पटर. वेगाचा आकडा २ किंवा ३, कडा जाड आणि गोलसर. साध्या प्लॅस्टिकची दहा-बारा डॉलरला मिळते. मुलासाठी दीडशे ग्रॅमच्या आसपासची बघा. पहिले दोन महिने दुसरं काही घेऊ नका, मी कळकळीने सांगते. मी स्वतः पाच ड्रायव्हर, म्हणजे तुमच्यासारख्या लांब जाणाऱ्या वेगवान डिस्क, घेतले आणि त्यांतले तीन या पार्कातल्या सायप्रसांखाली हरवले.

आता आईची गोष्ट. पाच-सहा जणांनी तिला हात कसा फिरवायचा ते दाखवलं, काही केल्या जमेना. हात लांब फिरवायची आणि डिस्क आभाळात जायची. मग मी म्हटलं, "आई, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतेस ना, तशी छातीजवळून ओढ आणि शेवटी सोड." पुढचीच डिस्क जमिनीला समांतर गेली. तीस पावलं असेल, पण सरळ! ती किती वेळ त्या डिस्ककडे बघत उभी होती.

टीवरूनच, म्हणजे होलच्या ठरलेल्या पहिल्या जागेवरूनच, सुरुवात करायला हवी असं काही नाही. तुम्ही स्पर्धेत नाही. आम्ही बास्केटपासून चाळीस पावलांवर तिची टी धरायचो. तिथून तिला तीन-चार थ्रोत साखळ्यांचा आवाज ऐकायला मिळायचा आणि त्या आवाजासाठीच ती दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायची. १८ होल पुरे करू नका, पाच-सहा पुष्कळ झाले.

काही गोष्टींकडे नीट लक्ष द्या. बाबांनी टाकणाऱ्याच्या मागेच उभं राहायचं, कधीही पुढे नाही. पायी फिरणारं कोणी समोर असेल तर ते पूर्ण निघून जाईपर्यंत थांबायचं. मुळं बरीच वर आलेली आहेत, तेव्हा बाबांच्या पायात चप्पल नको. दुपारी समुद्राकडून वारा येतो. तो समोरून असला की डिस्क उजवीकडे उलटते, तेव्हा जोर कमी करून टाका.

सांजवारा:
देवराईताई, काल सकाळी गेलो! दोन पटर घेतल्या. रवीचं सांगितल्यावर बाबा म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?" सहा होल खेळलो.

एका वादाचा निकाल हवाय. बाबांची डिस्क उडाली ती बास्केटच्या अगदी वर, टोपीवर जाऊन बसली. बाबा म्हणतात गेली, नातू म्हणतो नाही गेली. घरी येईपर्यंत भांडत होते.

देवराई:
नातवाचं बरोबर आहे. डिस्क खालच्या जाळीत किंवा साखळ्यांत टेकून थांबली तरच होल पूर्ण. वर बसली तर ती काढायची आणि बास्केटच्या बुडाशीच उभं राहून आत टाकायची, म्हणजे बाबांना एकच थ्रो जास्त.

बाबांना हेही सांगा की साखळ्यांचं बास्केट आलंच अशा भांडणातून. एड हेड्रिक यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कात पहिला कायमचा कोर्स आखला, तेव्हा तिथे नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नाही यावरून वाद व्हायचे, लगोरीत व्हायचे तसेच. मग त्यांनी साखळ्या लावल्या. साखळी डिस्कचा वेग खाते आणि ती खाली जाळीत पडते, सगळ्यांना दिसते. हा माणूस २००२ साली गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या.

मी गुरुवारी सकाळी नऊला पहिल्या टीपाशी असते. बाबांना घेऊन या, आईची पटर त्यांना वापरायला देते.

सांजवारा:
येतो. बाबांनी आत्ताच बूट काढून दाराशी ठेवलेत.