सासरची मंडळी मेथडिस्ट आहे. घरोघरच्या प्रार्थनेला एवढं महत्त्व का?

नगरची_लेक

जय ख्रिस्त. माझं माहेर अहिल्यानगरचं, आजोबांपासून आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत. लग्नानंतर डोंबिवलीला आले. सासरचे मेथडिस्ट आहेत आणि त्यांचं चर्च भायखळ्याच्या बाजूला. उपासनेत परकं असं काही वाटलं नाही. ना. वा. टिळकांची भजनं इथेही तशीच म्हणतात, पेटी-तबलाही तोच. फक्त एक गोष्ट माहेरी मी एवढ्या नेमाने कधी पाहिली नव्हती. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते आणि सासूबाई एकवेळ रविवार चुकवतील, बुधवार नाही. कोण आलं नाही, का आलं नाही, याची चौकशी रात्री जेवतानाही चालू असते.

आता महिला मंडळाने मलाच 'आपला मेथडिस्ट वारसा' यावर बोलायला सांगितलंय. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींचं चरित्र वाचून दाखवावंसं वाटत नाही. आणि वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झालं तेव्हा हे लोक वेगळे का राहिले, हेही कुणी नीट सांगेल का?

आग्रीपाड्याची_मावशी

जय ख्रिस्त, सूनबाई. सीएनआयचं आधी उरकते. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात एकीकरण झालं, त्यात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट परंपरेच्या मंडळ्या आल्या. म्हणजे तुमच्या माहेरच्या चर्चमध्येही मेथडिस्ट रक्त आहेच. आमची मंडळी अमेरिकन मिशनच्या कामातून उभी राहिलेली. तिने बोलणी केली, पण शेवटच्या टप्प्यावर ती बाहेर राहिली, आणि 1981 मध्ये मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त झालं. भांडण म्हणून याकडे पाहू नका. माझ्या दोन बहिणी सीएनआयमध्ये दिल्यात.

तुमचा खरा प्रश्न बुधवारचा. त्यावर मात्र मी सविस्तर लिहिणार.

1742 मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलला वेस्लींच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ठरलं असं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यायची. सुमारे बारा जणांचा एक गट आणि गटाला एक पुढारी. ज्याला पेनी परवडत नसेल त्याची पुढाऱ्याने स्वतः भरायची. हा पुढारी पैसे गोळा करायला दारोदार फिरू लागला तेव्हा त्याला घरं दिसली. कुठे दारू होती, कुठे मारहाण, कुठे आजारी मूल. वेस्लींच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. मग गटाने दर आठवड्याला एकत्र बसायचं आणि पुढाऱ्याने एकेकाला विचारायचं, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? यालाच क्लास मीटिंग म्हणतात. कर्ज फेडायला सुरू झालेली गोष्ट आमच्या मंडळीचा कणा झाली.

मुंबईतही सुरुवात घरांतूनच झाली. 1871-72 मध्ये अमेरिकन मेथडिस्ट उपदेशक विल्यम टेलर इथे उपदेश करत होते. ज्यांचं मन पालटलं त्यांना त्यांनी घराघरांत लहान गटांत बांधलं. इमारत नव्हती, आणि मिशनच्या पैशावर मंडळी चालवायची नाही असा त्यांचा आग्रह होता. आपल्या मंडळीचा खर्च आपण उचलायचा. त्यांना येऊन मिळाले अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन. हे 1848 पासून मुंबईत होते. मिशनचा पगार नाकारून, शिकवण्या करून साध्या खोलीत गरिबांच्या शेजारी राहिले, 'बॉम्बे गार्डियन' हे साप्ताहिक चालवलं आणि 1888 मध्ये इथेच वारले. कुलाब्यात त्यांच्या नावाचं चर्च आहे. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जा.

आता माझ्या घरचं. आम्ही बीआयटी चाळीत वाढलो. खोलीत चटई टाकायची, जागा पुरली नाही की बायका गॅलरीत बसायच्या. वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तो संपेचना. आमच्या गटाची पुढारी एक नर्सबाई होती. ती कुणाच्या घरी काय शिजतंय हे न विचारता ओळखायची. प्रार्थना संपली की आईच्या पिशवीत तांदूळ असायचे. कुणी दिले ते सांगायचं नाही, असा शिरस्ता होता. आई तिच्या शेवटपर्यंत त्या गटात गेली.

आज आमची माणसं विरार, बदलापूर, पनवेलपर्यंत पांगलीत. रविवारी मेगाब्लॉक लागला की अर्धी बाकं रिकामी. अशा वेळी मंडळी मंडळी राहते ती बुधवारमुळे. आमच्या गटातला एक जण आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. सोबत कोण जाणार याची पाळी तिथेच ठरते. तुमच्या सासूबाई चौकशी करतात ना, त्या पुढाऱ्याचंच काम करतायत. भाषणात त्यांच्याबद्दल बोला. चर्चच्या कमानी आणि संगमरवरी पाट्या नंतर.

पेटीवाला_मुलुंड

मावशींनी सगळं सांगितलंच आहे. वॉच नाईट, म्हणजे रात्र जागून केलेली उपासना, मात्र विसरू नका. ब्रिस्टलजवळच्या किंग्सवुडचे कोळसा-खाणकामगार पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवायचे. विश्वासात आल्यावर तीच रात्र ते प्रार्थनेत आणि गाण्यात घालवू लागले. वेस्लींना ते आवडलं आणि त्यांनी ती प्रथा सगळीकडे नेली. आपण 31 डिसेंबरला जागतो त्याचं एक मूळ तिथे आहे. रेल्वे त्या रात्री जादा लोकल सोडते म्हणून लांबचे लोक येऊ शकतात. मी पेटी आवरून निघतो तेव्हा दोन वाजलेले असतात.

नगरची_लेक

मावशी, खूप आभार. सासूबाईंना तुमचं उत्तर वाचून दाखवलं, त्यांनी मोबाईल हातातून घेऊन पुन्हा वाचलं. एक विचारू का? नवीन वर्षाच्या उपासनेत ती देवाशी केलेल्या कराराची प्रार्थना असते, त्यात 'मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव' अशा अर्थाचं येतं. ते म्हणताना मला दरवेळी भीती वाटते.

आग्रीपाड्याची_मावशी

वाटायलाच हवी. वेस्लींनी कराराची उपासना 1755 मध्ये सुरू केली, ती वरवर म्हणायची नव्हतीच. त्या संपाच्या वर्षअखेरीला वडील माझ्या शेजारी उभे होते. गिरणीचं दार बंद होऊन अकरा महिने झालेले, आणि 'बाजूला ठेव' या शब्दांशी ते थांबले. पाळकसाहेब पुढे गेले, मंडळी पुढे गेली. वडिलांनी ते वाक्य सगळ्यांच्या मागून, एकट्याने म्हटलं. पुढे त्यांनी भाजीची गाडी लावली आणि आमच्या गटाचे पुढारी झाले.

हे भाषणात घ्यायचं असेल तर घ्या, फक्त नाव घेऊ नका. आणि बोलून झाल्यावर बायकांना विचारा की त्यांच्या गटाची पुढारी कोण होती. म्हाताऱ्या बायकांना सगळ्यांची नावं पाठ असतात. कुणाला तरी वही घेऊन लिहायला बसवा.