वाइनची प्रश्नकार्डं खेळून खरंच शिकता येतं का? कशी खेळावीत?

दोडामार्गचा:
नमस्कार मंडळी. पणजीत एका रेस्टॉरंटात सहा वर्षं स्टुअर्ड आहे. गेल्या सीझनला आमची वाइनची यादी एकदम वाढली. मालकांनी आम्हा चौघांना सांगितलंय, पुढच्या सीझनच्या आत वाइन शिकून घ्या. एका पाहुण्याने जाताना प्रश्नकार्डांचा इंग्रजी डबा भेट दिला होता. दुपारी साडेतीननंतर हॉल रिकामा असतो, तेव्हा आम्ही ती पत्त्यांसारखी वाटून खेळतो. उत्तरं पाठ झालीत. फ्रान्समधल्या बोर्डोच्या वाइनची प्रतवारी १८५५ ची, पिनोटाज ही द्राक्षाची जात दक्षिण आफ्रिकेत १९२५ साली तयार झाली, वगैरे.

पण परवा अडलो. एका बाईंनी "ड्राय रेड द्या" म्हटलं. मी दिली. पहिल्याच घोटाला त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ही तर तोंड ओढून धरतेय." मी म्हटलं, "ड्रायच मागितली होती ना तुम्ही?" त्या काही बोलल्या नाहीत, बिल दिलं आणि गेल्या. ग्लास तसाच भरलेला. चूक कुठे झाली ते मला अजून कळलेलं नाही, आणि हे मनातून जात नाही. डब्यात टॅनिनवर एक कार्ड आहे, पण उत्तर म्हणून नुसता तो शब्द. कोर्सला सध्या पैसे नाहीत. ही कार्डं ठेवू की दुसरा डबा शोधू?

बोरीपूल:
दुसरा डबा घेऊ नका. सगळ्या डब्यांत तेच प्रश्न असतात. आहे त्यातली सनावळी आणि प्रतवारीची कार्डं सध्या बाजूला काढा, "का" आणि "कसं" विचारणारी ठेवा.

माडाखाली:
दादा, मी मडगावात बरीच वर्षं हॉटेलच्या मुलांना शिकवलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमची चूक शब्दाची आहे आणि ती सगळ्यांची होते. ड्राय म्हणजे वाइनमध्ये साखर जवळजवळ उरलेली नाही, यीस्टने ती खाऊन तिचं अल्कोहोल केलं. तोंड ओढून धरते ती टॅनिनमुळे. टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून, बियांतून, देठांतून. आपल्याकडे त्याला सरळ शब्द आहे, तुरट. काजूचं बोंडू खाल्ल्यावर घसा धरतो ना, तीच जात. त्या बाईंना गोड नको होती, पण तुरटही नको होती. रेड वाइनमध्ये हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात.

उद्या दुपारी कार्डं उघडण्याआधी हे करा. तीन कप घ्या. पहिल्यात कडक उकळलेला कोरा चहा, बिनसाखरेचा. दुसऱ्यात लिंबूपाणी, तेही बिनसाखरेचं. तिसऱ्यात पहिल्यातलाच चहा, दोन चमचे साखर घालून. पहिला ड्राय आणि तुरट. दुसरा ड्राय पण तुरट नाही, आंबट. त्याने तोंडाला पाणी सुटतं, चहाने तोंड कोरडं पडतं. तिसरा गोड असूनही तुरट. चौघांनी डोळे मिटून प्यायचं आणि कोणता कप ते सांगायचं. मग टॅनिनचं कार्ड काढा. आता उत्तर जिभेवर असेल.

प्रत्येक कार्डाला असा एखादा जिन्नस जोडा. रेडचा रंग कुठून येतो, असं कार्ड नक्की असेल. काळं द्राक्ष सोलून बघा, बहुतेक जातींत आतला गर पांढुरकाच असतो. रंग सालीचा. रस साल न भिजवता काढला तर काळ्या द्राक्षांचीही व्हाइट वाइन होते. सध्या जांभळं मिळत असतील तर तीही सोलून बघा, सालीने बोटं कशी रंगतात ते.

आणि गुण देण्याचा नियम बदला. बरोबर उत्तराला अर्धा गुण. उरलेला अर्धा, तेच उत्तर पाहुणा झालेल्या सोबत्याला कळेल अशा दोन वाक्यांत सांगितल्यावर. टेबलाशी उभं राहून शेवटी तुम्हाला तेच करायचंय.

दिंडोरीची बाग:
ताईंचं म्हणणं पटलं. माझी भर एवढीच की या डब्यांत आपण नसतो. आमच्याकडे वाइनची द्राक्षं आहेत, म्हणून हे जाणवतं. कोरे पुठ्ठे कापा आणि स्वतःची कार्डं लिहा. पहिला प्रश्न माझ्याकडून: फ्रान्स आणि नाशिक दोन्ही उत्तर गोलार्धात, मग तिकडे काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरात आणि आमच्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये कशी?

उत्तर असं. तिकडे थंडीत वेल झोपतो. आमच्याकडे तेवढी थंडी पडत नाही, वेल झोपतच नाही, म्हणून त्याला कात्रीने वळण लावावं लागतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिने नवी काडी तयार होते. पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, तिच्यावर फळ धरतं. मग मणी भरतात ते कोरड्या हवेत, गार रात्रींत. रात्र गार असली की आंबटपणा टिकतो. छाटण्या दोन, पीक एक. तुमच्या यादीत नाशिकची शेनँ ब्लाँ ही व्हाइट असेलच. पाहुण्याला ही गोष्ट सांगा, लोक मन लावून ऐकतात.

बोरीपूल:
मग गोव्याची कार्डंही हवीत. विंदालूचं मूळ पोर्तुगीज नाव वाइन आणि लसूण यांवरून आलंय. मांस त्यात मुरवायचे. इथे वाइनच्या जागी माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, विनेगर आला.

दुसरं पोर्टचं. गोव्यात बाटलीवर पोर्ट लिहिलेली गोड वाइन सगळीकडे दिसते, पण मूळ पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली, त्या प्रदेशाची हद्द १७५६ साली आखली गेली. रस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचं मद्य ओततात, यीस्ट मरतं, साखर शिल्लक राहते. म्हणून ती गोड आणि साधारण २० टक्क्यांची.

तिसरं कार्ड फेणीचं, कारण परदेशी पाहुणे हमखास "काजूची वाइन" म्हणतात. आंबवलेला रस भट्टीवर चढवला की आधी हुराक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. वाइनला भट्टी लागत नाही.

माडाखाली:
एक राहिलं. रेड "रूम टेंपरेचरला" द्यावी असं उत्तर तुमच्या डब्यात असेल तर ते खोडा आणि १६ ते १८ अंश लिहा. ती खोली युरोपातली, गार. आपल्याकडच्या खोलीत तिशीच्या वर पारा असतो, अल्कोहोल नाकात चढतं. दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि मग उघडा. आणि हुमणाबरोबर, म्हणजे आपल्या मासळीच्या तिखट कालवणाबरोबर, कडक तुरट रेड सुचवू नका. मासळीबरोबर अशी रेड लोखंडासारखी लागू शकते, मिरचीने अल्कोहोलची आग वाढते. तिथे किंचित गोडसर, गार व्हाइट.

दोडामार्गचा:
तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे मनापासून आभार. तीन कपांचा खेळ पहिल्याच दिवशी केला. आमचा धाकटा सोबती साखरेच्या चहाला दोनदा "ड्राय" म्हणाला, तिसऱ्यांदा चूळ भरून पुन्हा प्यायला आणि स्वतःच म्हणाला, "अरे, हा गोड आहे, पण जीभ खरखरते." तेव्हा आम्हा चौघांनाही एकदम उमगलं. मराठीत एकतीस कार्डं झालीत. छाटणीचं कार्ड सगळ्यांचं लाडकं. आता रेड मागितली की मी आधी विचारतो, "गोड नको की तुरटही नको?" दोन टेबलांना पिनो न्वार ही कमी तुरट रेड दिली, दोन्हीकडचे ग्लास रिकामे परत आले. त्या बाई पुन्हा आल्या तर त्यांनाही तीच द्यायचीय.

आता अडलंय वासाच्या कार्डांपाशी. बूच बिघडलेली बाटली ओळखायची कशी? त्यासाठी मुद्दाम बाटली कुठून आणायची?

माडाखाली:
बाटली नको. सध्याच्या पावसात तुमच्या स्टोअरमध्ये भिंतीला टेकलेला एखादा पुठ्ठ्याचा खोका ओलसर झाला असेल. त्यात नाक घालून दीर्घ श्वास घ्या. बूच बिघडलं की वाइनला तोच कुबट वास येतो आणि फळाचा वास मागे पडतो. खोक्याचा एक तुकडा झाकणाच्या बरणीत घालून ठेवा आणि त्या कार्डाच्या वेळी बरणी उघडा.